रोखलेलं सुटतं तेव्हा

एक जिना चढून या. घाई नको, पण रेंगाळूही नका. गुडघे किंवा छाती कुरकुर करत असतील तर जिना सोडून द्या. खुर्चीतून काही वेळा उठून बसलात तरी पुरे. मग पाठ टेकून बसा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. दाबू नका. नाडी आपणहून बोटांखाली येईल.

ठोके मोजायचे नाहीत. ते येतील तसे येऊ द्यायचे. दोन गोष्टी जाणवतील. ठोके नेहमीपेक्षा लवकर लवकर येताहेत, आणि प्रत्येक ठोका बोटाला जास्त ठामपणे लागतोय. हा वेग आणि हा जोर तुम्ही मागितला नव्हता. तुम्ही फक्त पायांना वर चढायला सांगितलं होतं.

या जोराबद्दल आपल्या सगळ्यांच्या मनात एक चित्र असतं: ॲड्रेनॅलिन येतं आणि हृदयाला पुढे ढकलतं, त्याच्याकडून जबरदस्तीनं जास्त काम करून घेतं. हृदयाच्या पेशीत उतरून पाहिलं तर मात्र ढकलणारं फारसं कुणी सापडत नाही. सापडतात ती एकामागून एक रोखून धरणारी प्रथिनं, आणि प्रत्येकाची पकड सैल करत जाणारा एक निरोप. आज त्या निरोपाच्या मागोमाग, त्याच्या टप्प्याटप्प्यानं, आत जायचं आहे. वाचता वाचता थांबावंसं वाटलं तर थांबा. बोटं मनगटावर असू द्या.

पहिली पायरी चढलात त्या क्षणापासून सुरू करू.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी त्याचं वर्णन केलं. प्रत्येक ठोक्याची सुरुवात तिथं होते. या पुंजक्याला पूर्णपणे त्याच्यावर सोडलं तर तो तरुण माणसात मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतो. ज्यांच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलेलं आहे, त्यांच्यात हे दिसतं. प्रत्यारोपणात जुन्या नसा तुटतात, आणि नवं हृदय निवांत बसलेल्या माणसातही नव्वद-शंभरच्या चालीनं चालतं. मग आपलं हृदय विश्रांतीत सत्तरवर कसं? मेंदूकडून येणारी व्हेगस ही नस त्याला रात्रंदिवस आवरून धरते म्हणून.

तुम्ही चढायला लागलात तेव्हा मेंदूनं सगळ्यात आधी व्हेगसची ही पकड ढिली केली. वाढीचा पहिला हिस्सा तिथूनच आला, एखाद-दोन ठोक्यांच्या आत. ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचं काम त्यानंतरचं.

आता एक सावकाश श्वास घ्या, आणि त्याहून सावकाश सोडा. पुन्हा एकदा. श्वास सोडताना ठोक्यांमधलं अंतर किंचित वाढतं, घेताना कमी होतं. तरुण माणसांना हे स्पष्ट कळतं, वय झालेल्यांना कमी. श्वास सोडताना व्हेगस थोडी घट्ट होते आणि घेताना सैलावते. तुमच्या बोटांना जाणवणारा हा फरक म्हणजे ती पकडच आहे. काही श्वास तिच्याबरोबर राहा.

आता दुसरा निरोप. हृदयापर्यंत आणखीही नसा येतात, अनुकंपी चेतासंस्थेच्या. त्यांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन झिरपतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. दोन्ही रेणू जवळजवळ सारखे, एकाला कार्बनचा एक छोटा गट जास्त. नस हृदयाशी रसायनाच्या भाषेत बोलते हे १९२१ साली ग्राझ शहरात ऑटो लेव्ही यांनी दाखवलं. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली, त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, आणि ज्याला कुणी हात लावला नव्हता ते दुसरं हृदयही मंदावलं. वेग वाढवणाऱ्या नसेचं पाणी दिल्यावर ते जलद झालं. इतका साधा प्रयोग, आणि त्यातून केवढं मोठं दार उघडलं.

हे द्रव्य पेशीच्या आत जात नाही. इथं क्षणभर थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. हृदयाच्या स्नायूची एक पेशी साधारण एक दशांश मिलिमीटर लांब, आणि अशा पेशी अब्जावधी. प्रत्येकीच्या आवरणात बीटा-१ नावाचे रिसेप्टर बसलेले आहेत. रिसेप्टर म्हणजे आवरणातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची एक लांब साखळी. ॲड्रेनॅलिन बाहेरच्या बाजूनं तिच्या खोबणीत टेकतं, काही क्षण राहतं आणि निघून जातं. तेवढ्यात साखळीची आतली बाजू हलते. या रिसेप्टरचा जवळचा भाऊबंद, बीटा-२, नेमका कसा हलतो याचं चित्र ब्रायन कोबिल्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. साखळीचा सहाव्यांदा आरपार जाणारा दांडा आतल्या टोकाला सुमारे १.४ नॅनोमीटर बाहेर सरकतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दीड भागाएवढंही अंतर नाही हे. तुमच्या बोटाखालचा ठोका ठाम झाला त्याची सुरुवात या एवढ्या हालचालीत आहे.

हालचाल कशासाठी? आत जी-प्रथिन वाट पाहत असतं. त्यानं जीडीपी नावाचा एक रेणू पोटाशी घट्ट धरलेला असतो, आणि तो धरलेला आहे तोवर ते निष्क्रिय राहतं. दांडा सरकला की जीडीपी सुटून जातो. रिकाम्या जागी जीटीपी हा दुसरा रेणू येतो, प्रथिन जागं होतं, त्याचा एक भाग सुटा होऊन शेजारच्या विकराकडे जातो. ते विकर एटीपीपासून, म्हणजे पेशीच्या इंधनापासून, सायक्लिक एएमपी हा लहानसा रेणू बनवू लागतं. अर्ल सदरलँड यांना हा रेणू १९५० च्या दशकात यकृतावर काम करताना सापडला, आणि १९७१ चं नोबेल त्यासाठी मिळालं. बाहेरचा निरोप बाहेरच राहतो. आत धावतो तो हा.

सायक्लिक एएमपी ज्याला जाऊन भेटतो त्या विकराचं नाव प्रोटीन कायनेज ए, थोडक्यात पीकेए. त्याचे चार भाग असतात. दोन काम करणारे, आणि दोन त्यांना दाबून ठेवणारे. सायक्लिक एएमपी काम करणाऱ्यांना हातही लावत नाही. तो दाबून ठेवणाऱ्यांना चिकटतो, आणि त्यांची मिठी सुटते.

पहिल्यांदा व्हेगस सैल झाली. मग जीडीपी सुटला. आता ही मिठी सुटली. घाईनं पुढे जाऊ नका. या तीन सुटण्यांवर मन थोडा वेळ ठेवा. कुणीही कुणाला ढकललेलं नाही.

आता कॅल्शियमपाशी येऊ. सिडनी रिंगर हे लंडनचे डॉक्टर. बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवण्याचे प्रयोग ते करत. द्रावण शुद्ध पाण्याऐवजी लंडनच्या नळाच्या पाण्यात बनलं होतं हे त्यांच्या ध्यानात आलं. शुद्ध पाणी वापरलं तर हृदय थोड्याच वेळात थांबे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, शुद्ध पाण्यात नव्हतं. १८८३ साली त्यांनी हे लिहून ठेवलं. दवाखान्यात खाटेशेजारी लटकणाऱ्या सलाइनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ लिहिलेलं असतं, ते याच रिंगरांचं नाव.

ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतंच. बाहेर ते सुमारे दहा हजार पट जास्त असतं. विजेची लाट आली की आवरणातली कॅल्शियमची द्वारं उघडतात आणि थोडं कॅल्शियम आत येतं. हे थोडंसं पेशीतल्या साठवणीला भेटतं आणि तिथला मोठा साठा मोकळा होतो. मोकळं कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. ॲक्टिनच्या धाग्यावर जी अडसरासारखी पट्टी पडलेली असते ती बाजूला सरकते, मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाची डोकी ॲक्टिन पकडून ओढतात, पेशी आखडते. कोट्यवधी पेशी एकाच वेळी आखडल्या की एक ठोका.

पीकेए या सगळ्यात काय करतं? ते ठरावीक प्रथिनांना ठरावीक जागी फॉस्फेटचा एक गट जोडतं, बस्स. कॅल्शियमच्या द्वारातून जास्त कॅल्शियम यावं असं ते घडवतं, हे खूप आधीपासून माहीत होतं. म्हणून संशोधक अनेक दशकं त्या द्वारावरच फॉस्फेटची जागा शोधत राहिले. सापडलेली प्रत्येक जागा प्रयोगात बदलून पाहिली, तरी ॲड्रेनॅलिनचा परिणाम होतच राहिला. २०२० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उत्तर दिलं. द्वाराजवळ रॅड नावाचं एक छोटं प्रथिन असतं आणि ते द्वाराला आवरून धरतं. फॉस्फेट जोडलं जातं ते रॅडला, आणि रॅड द्वाराला सोडून बाजूला होतं. उत्तर द्वारात नव्हतंच, धरून ठेवणाऱ्यात होतं. इतकी वर्षं शोध चुकीच्या जागी चालला याचं मला वाईट वाटत नाही. जोर म्हटला की आपण सगळेच ढकलणारा शोधतो.

आणखी एक श्वास. सावकाश.

आता जो भाग येतो तिथं मला सगळ्यात जास्त वेळ रेंगाळावंसं वाटतं. आतापर्यंत आपण आखडण्याचा विचार केला. पण हृदय भरतं ते सैल पडल्यावर. शिवाय डाव्या जवनिकेच्या भिंतीला तिचं स्वतःचं रक्तही मुख्यतः तेव्हाच मिळतं, कारण आखडलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो. मिनिटाला ७२ ठोके असतील तर एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद मिळतात, त्यातले ०.३ आखडण्यात जातात, उरलेले भरण्यासाठी. ठोके १५० झाले तर एकेकाच्या वाट्याला ०.४ सेकंद येतात. आखडायला तेवढेच ०.३ लागले तर भरायला उरतं ०.१. अशा हृदयाला कितीही जोर आला तरी ते रिकामंच पिळलं जाईल.

म्हणून जोर वाढवणारा निरोप सैल पडण्याचा निरोपही बरोबर घेऊन येतो. वेगळा पाठवत नाही. तोच सायक्लिक एएमपी, तेच पीकेए, तोच फॉस्फेट.

ट्रोपोनिनचा एक भाग आहे, ट्रोपोनिन आय. पीकेए त्यालाही फॉस्फेट जोडतं, आणि त्यामुळे ट्रोपोनिनची कॅल्शियमवरची पकड कमी होते. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. जोर वाढवायचा असताना जोर देणाऱ्या कॅल्शियमवरची पकडच कमी का करायची? ते लवकर सुटावं म्हणून, धागे लवकर मोकळे व्हावेत म्हणून.

सुटलेलं कॅल्शियम साठवणीत परत ओढून नेणारा एक पंप आहे, त्याला सर्का म्हणतात. दर एटीपीमागे तो कॅल्शियमचे दोन कण आत घेतो. या पंपाशी फॉस्फोलॅम्बन हे प्रथिन बिलगून असतं. अवघी ५२ अमिनो आम्लं त्यात. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अर्नोल्ड कॅट्झ यांच्या प्रयोगशाळेत मिचिहिको ताडा आणि मॅडेलीन कर्चबर्गर यांनी ते ओळखलं. विहिरीवरच्या रहाटावर कुणी हात टेकवून ठेवला तर रहाट थांबत नाही, पण जड फिरतो. फॉस्फोलॅम्बन पंपावर असा हात टेकवून असतं. पीकेए त्याच्या १६व्या अमिनो आम्लावर फॉस्फेट जोडतं, आणि तो हात सैल होतो.

यानंतर जे घडतं ते नीट मनात उतरू द्या. पंप जलद चालतो, कॅल्शियम भराभर परत जातं, पेशी लवकर सैल पडते. आणि परत गेलेलं कॅल्शियम साठवणीतच असतं. साठा आधीपेक्षा मोठा झालेला असतो. पुढची लाट येते तेव्हा या मोठ्या साठ्यातून जास्त कॅल्शियम बाहेर पडतं. म्हणजे ठोका जोरदार होतो तो बऱ्याच अंशी आधीच्या ठोक्यानंतर पेशी किती चांगली सैल पडली त्यावर. बोटांखाली आता येतोय त्या ठोक्याचा जोर त्याच्या आधीच्या विसाव्यात जमा झाला होता.

एक ठोका. विसावा. एक ठोका. आता लक्ष ठोक्यावरून काढा आणि मधल्या जागेवर ठेवा. बोटाला तिथं काहीच लागत नाही. पंप मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त राबत असतो, आणि त्यासाठी एटीपी खर्च होत असतो. हृदयाचं सैल पडणं हेही काम आहे, फुकटची विश्रांती नव्हे. दम्यासारख्या धापेनं आणि पायांवरच्या सुजेनं त्रासलेल्या कितीतरी वयस्क माणसांमध्ये आखडणं ठीक असतं आणि सैल पडणंच बिघडलेलं असतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदय छान आखडताना दिसतं, आणि घरचे विचारतात, मग त्रास कशाचा?

इथं एक प्रश्न येईल. पकड सैल झाल्यानं एवढं भलं होत असेल तर ती पकड ठेवायचीच कशाला? १९९४ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला फॉस्फोलॅम्बनच नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांची हृदयं कायमची जोरदार चालत, आणि ॲड्रेनॅलिनसारखं औषध दिलं तर त्यात फारशी भर पडत नसे. ज्याला सोडायला काही उरलंच नाही त्याला निरोप काय सांगणार? तरीही ते उंदीर व्यवस्थित जगत. मग २००३ साली अशी माणसं सापडली ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही फॉस्फोलॅम्बनची निकामी प्रत मिळाली होती. त्यांची हृदयं तरुण वयातच फुगली, थकली, निकामी होत गेली. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं. त्याला आवरण्याची गरज कमी. माणसाच्या हृदयाला पुष्कळ वेळ मागं राखून ठेवावं लागतं, आणि गरजेच्या वेळी ते राखलेलं सोडावं लागतं. ही पकड त्याची अडचण नाही, ठेव आहे. मला या दोन निष्कर्षांपैकी दुसराच जास्त मोलाचा वाटतो, आणि तो आजारी माणसांकडून मिळाला हे विसरू नये.

आता नाडी पाहा. ती बरीच खाली आली असेल. हे उतरणंही कुणीतरी करतंय. रक्तातलं ॲड्रेनॅलिन काही मिनिटांत मोडून निघतं. जी-प्रथिन स्वतःच जीटीपीचा एक फॉस्फेट तोडतं आणि पुन्हा जीडीपी पोटाशी धरून शांत होतं. सायक्लिक एएमपी मोडणारी वेगळी विकरं आहेत. पीकेएनं जोडलेले फॉस्फेट एकेक करून काढणारीही आहेत. रॅड पुन्हा द्वारापाशी येतं, फॉस्फोलॅम्बन पुन्हा पंपावर टेकतं, व्हेगस पुन्हा आवरते. त्या प्रत्येक जागी मन नेऊन पाहा. घाई नाही.

निरोप थांबलाच नाही तर? ज्यांचं हृदय दुबळं झालंय त्यांच्यात असंच होतं. रक्त कमी पडतंय हे शरीराला कळतं आणि ते अनुकंपी नसांना महिनोन्महिने, वर्षानुवर्षं उत्तेजित ठेवतं. पेशी स्वतःला वाचवायला बघतात. रिसेप्टरला फॉस्फेट लावून आणि अरेस्टिन नावाचं प्रथिन चिकटवून त्याला गप्प करतात, आवरणातून आत ओढून घेतात. १९८२ साली मायकल ब्रिस्टो यांनी निकामी होत चाललेल्या मानवी हृदयांत बीटा रिसेप्टर निम्म्याच्या आसपास उरलेले पाहिले. सतत ऐकू येणाऱ्या हाकेपुढे पेशीनं कान झाकून घेतले होते.

मग १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोटेबोर्गला फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजक्या रुग्णांवर जे केलं ते त्या काळी धाडसाचंच होतं. दुबळ्या हृदयाच्या माणसांना त्यांनी बीटा-ब्लॉकर दिले, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा निरोप अडवणारी औषधं. सर जेम्स ब्लॅक यांनी ही औषधं १९६० च्या दशकात आणली ती छातीतल्या कळेसाठी. दुबळ्या हृदयाला ती द्यायची नाहीत असंच पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असे. गोटेबोर्गचे रुग्ण सुधारले. वैद्यकविश्वाला पटायला पुढे वीस-पंचवीस वर्षं लागली. १९९९ मध्ये बिसोप्रोलोल आणि मेटोप्रोलोल यांच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, आणि दोन्हींत मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलेलं दिसलं.

तुमच्या घरात, कपाटातल्या गोळ्यांच्या डब्यात, यातली एखादी पट्टी असेल. कुणाची आहे ते मनात आणा. आई, सासरे, मोठा भाऊ, किंवा तुम्ही स्वतः. ही गोळी अगदी लहान मात्रेनं सुरू करतात आणि दोन-दोन आठवडे थांबत वाढवत नेतात. पहिल्या काही आठवड्यांत थकवा वाढल्यासारखा वाटू शकतो. फायदा दिसायला महिने लागतात, कारण पेशीला सवड मिळून तिची घडण बदलायला तेवढा काळ जातो. या काळात अनेकदा आवरणात रिसेप्टर पुन्हा वाढू लागतात. म्हणून ती गोळी बरं वाटलं म्हणून किंवा संपली म्हणून एकदम बंद करायची नसते. तशी केली तर वाढलेल्या रिसेप्टरांवर ॲड्रेनॅलिन पूर्ण जोरानं येऊन पडतं, आणि छातीत कळ, लय बिघडणं, अगदी झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच वेळ आली तर डॉक्टर ती जशी चढवली होती तशीच, थोडी थोडी करून उतरवतात.